दादऱ्याहून दमणच्या किल्ल्याकडे
(नभोवाणीवरील भाषण)

दादऱ्याला समुद्र नाही. दादरा, देमणी आणि तिघरा या तीन गावांचा तो लहानसा मुलूख वापीहून सिल्वासाला जाणाऱ्या रस्त्यावर आहे आणि त्याच्या चारी बाजूंना गुजरातची जमीन आहे. तेथे लाटांचा आवाज ऐकू येत नाही, की सुकत घातलेल्या मासळीचा वास येत नाही. तरीसुद्धा गेल्या दोनअडीचशे वर्षांत या गावाच्या वाट्याला जे जे आले, ते बव्हंशी समुद्रावरून आले. आणि ज्या दरवाजाने ते आत आले तो दरवाजा दमणच्या किल्ल्याचा होय. म्हणून हा किल्ला पाहावयाचा तर मुंबईहून आगगाडीने येऊन पाहण्यापेक्षा दादऱ्याहून निघून पाहणे अधिक फलदायी ठरते. मुंबईकर प्रवाशाला तेथे जुना तट, चार चर्चे आणि खारा वारा मिळतो. दादऱ्याहून निघालेल्याला त्याच तटात आपल्या गावाच्या इतिहासाचे दुसरे टोक सापडते.

रस्ता फार लांबचा नाही. दादऱ्याची हद्द ओलांडली की वापीचे कारखाने सुरू होतात. पुढे राष्ट्रीय महामार्ग लागतो, मग लोहमार्ग लागतो, आणि वापी स्थानकापासून दमण अवघे बारा किलोमीटर आहे. तासाभराचा प्रवास. वाटेत शोभा म्हणावी असे काही नाही. धुराडी, मालमोटारींची रीघ आणि मधूनच डोके वर काढणारी ताडाची झाडे. परंतु ज्या पट्टीतून ही मोटारगाडी निर्वेधपणे धावते, त्या काही मैलांच्या पट्टीसाठी एके काळी दोन राष्ट्रे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभी होती, हे ठाऊक असलेल्या प्रवाशाला ती धुराडीसुद्धा निराळी दिसू लागतात. त्या खटल्याकडे पुढे यावयाचे आहेच.

या प्रवासाला एक जुना सोबती आहे, तो म्हणजे दमणगंगा. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीत ती उगम पावते, नगर हवेलीतून सिल्वासावरून वळसे घेत खाली येते, आणि दमणपाशी समुद्राला मिळते. मिळण्यापूर्वी ती दमणचे दोन भाग करते. उत्तर तीरावरचे नानी दमण, दक्षिण तीरावरचे मोटी दमण. गंमत अशी की नानी म्हणजे धाकटी असूनही आज गजबज, बाजार, उपाहारगृहे सारी तिच्याकडे आहेत. मोटी मात्र आपल्या तटाच्या आत शांत, काहीशी पेंगुळलेली बसून असते. वापीहून येणारा रस्ता प्रथम नानी दमणमध्येच शिरतो. धक्क्यावर उभे राहून नदीपलीकडे पाहिले, की पाण्याच्या कडेने पसरलेला मोटी दमणचा काळवंडलेला तट दिसतो. भरती असेल तर पाणी तटाच्या पायाशी खेळत असते. ओहोटी असेल तर चिखलात कलंडलेल्या मचव्यांची रांग.

पूल ओलांडून किल्ल्याच्या देवडीत शिरताच पहिली जाणीव होते ती भिंतीच्या जाडीची. दरवाजावर पोर्तुगालचे राजचिन्ह कोरलेले आहे. आत गेले की रुंद, सरळ रस्ते, कौलारू घरे, जुन्या वृक्षांची सावली आणि सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या. हा किल्ला म्हणजे डोंगरी गडांना सरावलेल्या मराठी मनाला वेगळाच प्रकार वाटतो. येथे चढ नाही, बालेकिल्ला नाही. समुद्र आणि नदी यांच्या बेचक्यातील सपाट भूमीवर अनेक कोनांची एक बळकट चौकट आखलेली आहे. तिला दहा बुरूज आहेत, आणि ते पुढे काढून अशा रीतीने बांधले आहेत की एका बुरुजावरच्या तोफेने शेजारच्या बुरुजाचा पायथा झोडपता यावा. तोफांचे युग सुरू झाल्यावर युरोपात किल्ल्यांची जी नवी रचना निघाली, तिचा हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचा एक उत्तम नमुना आहे.

1559 सालच्या फेब्रुवारीत दोम कॉन्स्तांतिनु द ब्रागांसा या पोर्तुगीज व्हाइसरॉयने हे ठाणे घेतले. त्यापूर्वी ते गुजरातच्या सुलतानीतील एका हबशी सरदाराच्या ताब्यात होते. पोर्तुगीजांना ते का हवे होते, हे नकाशा समोर ठेवला की ध्यानात येते. 1534 मध्ये बहादूरशहाकडून वसई त्यांना मिळाली होती, 1535 मध्ये दीवला किल्ला उभा राहिला होता. वसई खाली, दीव पलीकडच्या टोकाला, आणि मध्ये खंबायतच्या आखाताचे तोंड. सुरत, भडोच, खंबायत ही त्या काळची श्रीमंत बंदरे याच आखाताच्या आश्रयाला होती. दमण हाती आले आणि या आखातातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शिडावर दोन्ही बाजूंनी नजर ठेवता येऊ लागली.

त्या काळाला पाश्चात्य ग्रंथकार शोधयुग म्हणतात. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोहोचला, तेव्हापासून हिंदुस्थानचा जलमार्ग 'सापडला' असे शाळेतल्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. वस्तुतः या समुद्रात अरब, गुजराती, मलबारी खलाशी कित्येक शतके ये-जा करीत होते. पावसाळी वारे कोणत्या महिन्यात कोठून वाहतात, हे त्यांना तोंडपाठ होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून कालिकतपर्यंत वास्को द गामाला वाट दाखविली तीही या समुद्राच्या माहीतगार वाटाड्यानेच. पोर्तुगीजांनी या समुद्रात खरोखर नवीन असे काही आणले असेल, तर ते म्हणजे एक कागद. त्याचे नाव कार्ताज.

कार्ताज म्हणजे समुद्रावर चालण्याचा परवाना. आजवर वाटसरूकडून जकात घेतली जाई ती घाटात, नाक्यावर किंवा बंदरात. भर समुद्रात कोणी कोणाला 'तुझ्याकडे चालण्याची परवानगी आहे काय?' असे विचारीत नसे. पोर्तुगालच्या राजाने आपल्या बिरुदावलीत हबसाण, अरबस्थान, इराण आणि हिंदुस्थान येथील विजय, नौकानयन व व्यापार यांचा स्वामी असे शब्द घातले, आणि त्याच्या अधिकाऱ्यांनी ते शब्द अक्षरशः अमलात आणले. व्यापारी जहाजाने निघण्यापूर्वी कार्ताज घ्यावे. त्यात जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, शस्त्रे किती, जावयाचे कोठे हे लिहिलेले असावे. मिरीसारखा माल बरोबर नसावा. आणि पोर्तुगीजांच्या ठरलेल्या बंदरात जकात भरावी. कागदाची किंमत मोठी नव्हती. खरी किंमत त्या सक्तीच्या जकातीची होती. कागद नसलेले जहाज पकडले जाई आणि माल जप्त होई.

या कागदाने केवळ व्यापाऱ्यांनाच सतावले असे नाही. मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जहाजांनाही तो घ्यावा लागे, आणि त्यावर मेरी व येशू यांची चित्रे असत. अकबराच्या दरबारातील बदायुनीने नोंदविले आहे की, मखदूम-उल्‌-मुल्क या बड्या धर्माधिकाऱ्याने याच कारणास्तव हजयात्रा आता बंधनकारक नाही असा अभिप्राय दिला होता. खुष्कीच्या वाटेने जावे तर इराणातील शियापंथीयांचा मुलूख लागतो, जलमार्गाने जावे तर हा चित्रांचा परवाना बाळगावा लागतो. मग जावे कसे? आग्र्याच्या बादशहाची सत्ता जमिनीवर कितीही विस्तीर्ण असली तरी सुरतेच्या खाडीबाहेर तिला या कागदाची गरज लागत होती. पुढे आपल्या आंगऱ्यांनीही किनाऱ्यावर आपली दस्तके चालू केली आणि कागदाचा हा खेळ फिरंग्यांवरच उलटविला, हे मराठी श्रोत्यांना सांगावयास नकोच.

दमणच्या तटावर उभे राहिले असता 1613 सालची एक हकीकत आठवल्यावाचून राहत नाही. जहांगीर बादशहाच्या मातोश्री मरियम-उझ-झमानी यांचे 'रहीमी' नावाचे प्रचंड जहाज तांबड्या समुद्राच्या यात्रेला ये-जा करीत असे. त्याच्याजवळ कार्ताज होते. तरीही त्या वर्षी सुरतेजवळ पोर्तुगीजांनी ते पकडून गोव्याला नेले. बादशहाच्या आईचेच जहाज! जहांगीराचा संताप अनावर झाला आणि त्याच्या हुकमाने मोगल सैन्य चालून आले ते दमणवर. समुद्रातल्या अपराधाची शिक्षा समुद्रात देता येत नव्हती. म्हणून जमिनीच्या बाजूने दमणचा गळा आवळण्यात आला. पुढे 1615 मध्ये समेट झाला. नदीच्या उत्तर तीरावरचा नानी दमणचा सेंट जेरोमचा किल्ला याच धामधुमीच्या काळात, 1614 मध्ये, बांधावयास घेण्यात आला आणि 1627 मध्ये पुरा झाला. त्याचा मोठा दरवाजा नदीकडे तोंड करून आहे. वर संत जेरोमची मूर्ती, आणि दोन्ही अंगांना दोन राकट पुरुषाकृती. मोटी दमणकडे पाहत त्या इतकी वर्षे तशाच उभ्या आहेत.

मोटी दमणच्या किल्ल्यात बारकाईने पाहण्यासारखी वस्तू कोणती, असे कोणी विचारल्यास चर्चे, राजचिन्हे, तोफा हे सारे बाजूला ठेवून जमिनीकडच्या खंदकाकडे बोट दाखवावे लागेल. समुद्रापासून नदीपर्यंत तो खणलेला आहे. पश्चिमेला पाणी, उत्तरेला पाणी, आणि उरलेल्या बाजूलाही पाणीच असावे म्हणून केलेली ही योजना. ज्यांनी हा किल्ला बांधला त्यांना भय समुद्राकडून फारसे नव्हते. तेथे त्यांचेच राज्य होते. भय होते पाठीमागून. खंदकाच्या अलीकडे उभे राहून पूर्वेकडे पाहिले की त्यांची अडचण समजते. ताडामाडांच्या पलीकडे सपाट शेते, त्यांच्याही पलीकडे जंगल, आणि जंगलाच्या मागे सह्याद्रीच्या निळसर रांगा. त्या दिशेची एकही गोष्ट पोर्तुगीजांच्या कार्ताजला भीक घालीत नव्हती.

पहिली गोष्ट रामनगरच्या राजाची. हे राज्य दमणच्या पाठीशी डोंगराळ मुलखात होते. पुढे ते धरमपूर म्हणून ओळखले जाऊ लागले. दमण परगण्यातील गावांना उपद्रव होऊ नये म्हणून पोर्तुगीज या राजाला त्या गावांच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा देत असत, आणि तो हिस्सा चौथाईवरून ओळखला जात असल्याने पोर्तुगीज कागदपत्रांत या राजाचे नावच 'चौथिया राजा' असे पडले. मराठ्यांच्या राज्यविस्तारात जो 'चौथ' हा शब्द अटकेपासून बंगालपर्यंत दुमदुमला, त्याचे एक मूळ दमणच्या या भाताच्या शेतांत आहे. 1672 मध्ये शिवछत्रपतींच्या सैन्याने रामनगर घेतले, आणि तेथील राजाचा जो हक्क तो आता आमचा, या न्यायाने महाराजांनी दमणच्या पोर्तुगीजांकडे चौथाईची मागणी केली. पितांबर शेणवी हे महाराजांचे वकील या वाटाघाटींत होते. पोर्तुगीजांनी नाना सबबी सांगितल्या, वेळ काढला. परंतु ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, जे राज्य भर समुद्रात साऱ्या जगाकडून पैसे घेत होते, ते किल्ल्यापासून काही कोसांवरच्या खेड्यांसाठी दुसऱ्याला पैसे भरीत होते. दर्यावर धनी आणि जमिनीवर कूळ, अशी ही विलक्षण स्थिती होती.

1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा उत्तर फिरंगाणाचा कणाच मोडला. वसईच्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या; वाईजवळच्या मेणवलीला आणि भीमाशंकराला त्या आजही पाहावयास मिळतात. साष्टी गेली, ठाणे गेले, चौल गेले. उत्तरेत पोर्तुगीजांजवळ दमण आणि दीव एवढीच ठाणी राहिली. वसईचा किल्ला आज भग्न, झाडोऱ्याने वेढलेला दिसतो आणि दमणचा धडधाकट दिसतो, याचे कारण स्थापत्यात शोधण्यापेक्षा या इतिहासात शोधावे. एक पडला, दुसरा राहिला.

आणि आता, इतक्या उशिराने, या कथेत दादऱ्याचा प्रवेश होतो. 1772 मध्ये मराठी आरमाराने 'सांतआना' नावाचे पोर्तुगीज लढाऊ जहाज पकडले. त्याच्या भरपाईचे बोलणे रेंगाळत राहिले. दरम्यान पुण्याचा इंग्रजांशी संघर्ष पेटला; 1779 च्या जानेवारीत वडगावची लढाई झाली. अशा समयी फिरंग्यांशी सलोखा असावा असे पुण्याच्या कारभाऱ्यांना वाटले, तर नवल नव्हे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तह झाला, आणि दमणच्या जवळपास सालिना बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांना द्यावी असे ठरले. त्यानुसार 1783 मध्ये नगर हवेलीच्या आणि 1785 मध्ये दादऱ्याच्या बाबतीत कागद झाले. जहाज समुद्रात पकडले गेले, त्याची भरपाई सह्याद्रीच्या पायथ्याच्या वारली, कोकणा आणि धोडिया शेतकऱ्यांच्या गावांनी झाली. त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याची तेव्हा रीतही नव्हती.

देणाऱ्यांच्या लेखी ही सरंजामाची नेमणूक होती, म्हणजे वसूल खावा आणि दोस्ती सांभाळावी. घेणाऱ्यांनी मात्र कालांतराने तिथे आपले निशाण, आपले पोलीस आणि आपला कायदा नेला. 1818 नंतर पेशवाईच्या जागी आलेल्या इंग्रजांनी त्याला हरकत घेतली नाही. त्यातही पोर्तुगीजांना या गावांचा मुख्य उपयोग झाला तो लाकडासाठी. दमणच्या नदीकाठी जहाजे बांधण्याचा धंदा जुना. त्यातील एका जहाजाची कथा सांगण्यासारखी आहे. 'दोम फर्नांदो दुसरा व ग्लोरिया' या नावाची पन्नास तोफांची फ्रिगेट दमणच्या गोदीत बांधली गेली आणि 1843 मध्ये पाण्यात उतरली. तिचा सांगाडा आणि फळ्या नगर हवेलीच्या रानातील सागवानाच्या होत्या. लिस्बन आणि हिंदुस्थान यांच्या दरम्यान शिडांवर फेऱ्या करणारे ते पोर्तुगालचे शेवटचे लढाऊ जहाज. 1963 मध्ये ते आगीत जळाले, कित्येक वर्षे चिखलात रुतून पडले, आणि नंतर दुरुस्त होऊन 1998 मध्ये पुन्हा लोकांपुढे आले. लिस्बनसमोरच्या तीरावर ते आज संग्रहालय म्हणून उभे आहे. म्हणजे दादऱ्याच्या शेजारचे काही साग अजूनही ताग्युस नदीच्या पाण्याला टेकून आहेत!

किल्ल्यातील चर्चे पाहताना हेच सागवान पुन्हा आठवते. बों जेझुस हे मोठे चर्च 1603 च्या सुमाराचे. समोरच्या बाजूला रोझरी मातेचे लहान प्रार्थनामंदिर आहे. बाहेरून साधे, जवळजवळ उदास. आत मात्र लाकडी कोरीवकामाने आणि सोनेरी मुलाम्याने वेदी भरून गेलेली. देवदूत, वेली, पाकळ्या. सूर्यप्रकाश वरून तिरका येतो तेव्हा मुलाम्याचा रंग मधासारखा दिसतो. पोर्तुगीज कवी बोकाज हा 1789 मध्ये सैन्यातील नेमणुकीवर दमणला आला आणि लवकरच नोकरी टाकून पळून गेला. त्याचे म्हणून एक घर किल्ल्यात दाखविले जाते. भटक्या वृत्तीच्या कवीला तटबंदीची नोकरी मानवली नाही, यात आश्चर्य कसले!

सांजवेळी प्रवासी समुद्राकडच्या अंगाला, दीपगृहाच्या बाजूला येतो. येथून क्षितिजापर्यंत काही आडवे येत नाही. मासेमारीच्या होड्या भरतीबरोबर नदीच्या मुखात शिरतात, आणि त्यांना आता कोणी कार्ताज विचारीत नाही. अशा वेळी 1954 सालचा जुलै महिना आठवावा.

त्या वर्षी 21 जुलैपर्यंत दमणच्या गव्हर्नराला दादरा-नगर हवेलीत जाऊन येण्यासाठी भारत सरकारचा परवाना मिळत होता. हेगच्या निकालपत्रात ही नोंद आहे. त्याच दिवसाच्या रात्री फ्रान्सिस मस्करेन्हास यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या स्वयंसेवकांनी दादऱ्याच्या पोलीस ठाण्यावर चाल केली. ठाण्याचा अधिकारी अनिसेतो दो रोझारियो त्या चकमकीत मारला गेला. तोही मनुष्य याच भूमीचा. त्याने आपली नोकरी सोडली नाही, एवढे म्हणावयास हरकत नसावी. 22 जुलैला दादरा मुक्त झाले. मग नरोली, आणि 2 ऑगस्टला सिल्वासा. सिल्वासाच्या मोहिमेत आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे होते, पुण्यामुंबईहून गेलेले नाना काजरेकर, राजा वाकणकर होते, आणि ज्यांचा गळा घराघरांतून ओळखीचा होता ते सुधीर फडकेही होते. पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलकडे मागे हटला आणि 11 ऑगस्टला उदव्याला शरण आला.

या तीन आठवड्यांत दमणच्या किल्ल्यात सैनिक होते, बंदुका होत्या, दारूगोळा होता. नव्हती ती फक्त वाट. मधली काही मैलांची जमीन भारताची होती, आणि भारताने वाट देण्याचे नाकारले. लिस्बनहून विनंत्या आल्या, निषेध आले. सैन्य न नेता नुसते प्रतिनिधी पाठवू असेही सुचविण्यात आले. तेही मान्य झाले नाही. एके काळी ज्या किल्ल्याच्या जोरावर परवान्यावाचून शीड हलू दिले जात नसे, त्या किल्ल्यातील फौज तासाभराच्या अंतरावरच्या ठाण्याला मदत पोहोचवू शकली नाही, कारण परवाना मिळाला नाही! इतिहास सहसा असा काव्यात्म न्याय करीत नाही. म्हणूनच दमणच्या तटावर तो विसरता येत नाही.

पोर्तुगाल 14 डिसेंबर 1955 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि पुढच्या आठच दिवसांत, 22 डिसेंबरला, त्याने भारताविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात अर्ज दाखल केला. मागणी एकच : दमणहून दादऱ्याला आणि नगर हवेलीला जाण्याच्या वाटेचा हक्क. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला हे भारताच्या वतीने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते. हेगच्या त्या दालनात पुणे दरबारचे कागद उघडले गेले. 1779 च्या तहाच्या निरनिराळ्या प्रती पुढे आल्या, सरंजाम आणि जहागीर या शब्दांचा कीस पडला. ज्या लेखणीने ते कागद लिहिले, त्या लेखणीच्या धन्यांना एवढी दूरची कल्पना असणे शक्य नव्हते. पण त्यांचे शब्द काटेकोर होते. त्यांवरून मराठ्यांनी या गावांचे सार्वभौमत्व दिले असा अर्थ निघत नाही, वसुलाचा हक्क तेवढा दिला, असेच न्यायालयाने ठरविले. मात्र नंतर इंग्रजांनी पोर्तुगालचा अंमल मान्य केला होता आणि भारतानेही तो तसा चालू दिला होता, हेही त्याने नमूद केले.

12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता 1954 मध्ये पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, असे अकरा विरुद्ध चार मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांच्यासाठी तो नव्हता, असे आठ विरुद्ध सात मतांनी ठरले. अवघ्या एका मताचा फरक! 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातच परस्परांच्या हद्दीत सैन्य न्यावयाचे तर बहुधा रीतसर विनंती करावी असे कलम होते. सदैव विनंती करावी लागते, तेथे हक्क कसला, असा त्यामागचा विचार. आणि मुलखातील तणाव लक्षात घेता 1954 मध्ये भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी मान्य झाले. दोन्ही पक्षांनी आपापल्या राजधानीत आपलाच जय झाल्याचे म्हटले असते तरी फारसे चुकले नसते. दादऱ्याच्या दृष्टीने गोष्ट सरळ होती : दमणची तोफ आता दादऱ्याला यावयाची नव्हती.

त्या सात वर्षांत दादरा व नगर हवेलीचा कारभार तेथील वरिष्ठ पंचायतीने पाहिला. 1961 च्या ऑगस्टमध्ये मुलूख भारतात विलीन व्हावयाचा, तर करारावर सही कोणी करावी हा पेच पडला, तेव्हा के. जी. बदलानी या भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्याला तेथील पंतप्रधान करण्यात आले आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर सही केली. पुढे चारच महिन्यांनी किल्ल्याची पाळी आली. 18 डिसेंबर 1961 च्या पहाटे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, दमणवर चालून गेली. विमानतळापाशी झुंज झाली. 19 डिसेंबरला दमण शरण आले. चिमाजी आप्पांच्या स्वारीतून वाचलेला किल्ला दोनशे बावीस वर्षांनी मराठा पलटणीने घेतला. आणि तो जमिनीच्याच बाजूने, ज्या बाजूच्या भयाने बांधणाऱ्यांनी तो खंदक खणला होता.

संध्याकाळी परतताना प्रवासी पुन्हा किल्ल्यातील कचेऱ्यांवरून जातो. 26 जानेवारी 2020 पासून दादरा, नगर हवेली, दमण आणि दीव यांचा मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आणि त्याची राजधानी दमणला आली. सचिवालय याच तटाच्या परिसरात आहे. पोर्तुगीज अमदानीत दादरा दमणच्या जिल्ह्यात मोडत असे. मध्यंतरी साडेसहा दशके दोघांचे कारभार वेगळे होते. आता दादऱ्याच्या माणसाला वरिष्ठ कचेरीत काम पडले तर तो पुन्हा याच किल्ल्याकडे येतो. त्याला कोणाचा व्हिसा लागत नाही. पण मधली पट्टी मात्र पूर्वीसारखीच दुसऱ्याची, म्हणजे आता गुजरात राज्याची आहे, आणि तिच्यातून गेल्यावाचून सुटका नाही.

गुजरातेत दारूबंदी आहे. दमणला नाही आणि दादऱ्यालाही नाही. म्हणून या रस्त्यावर गुजरातचे पोलीस अधूनमधून गाडी थांबवितात. विजेरीचा प्रकाश आसनांखालून फिरतो. न्यायालयाने ज्या मालाला वाटेचा हक्क दिला त्यात बाटली मोडते की नाही, हा प्रश्न तेथे कोणी उपस्थित करीत नाही. प्रवाशाच्या पिशवीत सुकी मासळी असते, त्याच्या लहानग्याच्या मुठीत किनाऱ्यावरचे शिंपले असतात. पोलीस हात हलवितो, गाडी पुढे निघते, आणि काही वेळातच वापीचे दिवे मागे पडून दादऱ्याची कमान दिसू लागते.